माझ्या बैलानं खाल्लं

खूप जुन्या काळी, इतक्या जुन्या की त्या राज्याचं नाव आता कोणाच्याच ओठांवर उरलेलं नाही, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. कोणाचा बैल दावं तोडून दुसऱ्याच्या शेतात शिरला आणि उभं पीक खाऊन गेला, तर बैलाच्या मालकानं त्या घरी जायचं, पायताण काढून उंबरठ्याबाहेर उभं राहायचं आणि म्हणायचं, "माझ्या बैलानं खाल्लं." मग भरपाईचं धान्य उंबरठ्यावर ठेवायचं.

धान्य थोडं कमी पडलं तर लोक चालवून घेत. ते वाक्य गाळलेलं मात्र चालत नसे. कारण एकदा ते तोंडातून निघालं, की माणूस घरी जाऊन सगळ्यात आधी बैलाचं दावं तपासायचा. पुढे पुढे तर बैलाची गरजही उरली नाही. पोरानं कोणाचा रांजण फोडला तरी बाप त्या दारात उभा राहून हेच म्हणायचा, आणि पोरगा मागे मान खाली घालून आपण बैल असल्यासारखा उभा असायचा.

या गावात धुरपदा राहायची. ती चुली घालून द्यायची. तिच्या हातची चूल घरात असणं ही गावात मिरवायची गोष्ट होती. तिचा नवरा राणबा डोंगरात खणायला जायचा.

डोंगराच्या पोटात पिवळी माती होती. राजाच्या कारागिरांनी त्या मातीतून एक वज्र घडवलं होतं. शेजारच्या राजाला धाक बसावा म्हणून राजा मधूनमधून ते वज्र दूरच्या माळावर फोडून पाहायचा. तेव्हा आभाळात दुसरा सूर्य उगवल्यासारखा उजेड पडायचा. मग वाऱ्यावरून पांढरी राख यायची, आणि पोरं ती राख पिठासारखी अंगाला फासून नाचायची. लोकांना भारी कौतुक होतं. आपल्या डोंगराच्या मातीनं राज्य राखलं जातंय, असं म्हणताना राणबाची छाती फुगायची.

पुढे त्याच छातीत खोकला शिरला. राणबा गेला. त्याच्या जोडीचे खणणारे एकामागून एक गेले. वाऱ्याच्या वाटेवरच्या गावांमध्ये ज्यांनी कधी डोंगर पाहिलाही नव्हता, अशी माणसंही झिजू लागली. राजवैद्यानं सांगितलं, हवा बिघडली आहे. त्याला तसंच सांगायचा हुकूम होता.

मग धुरपदेची लेक मैना खोकू लागली.

लोकांची कुजबुज वाड्यापर्यंत गेली, तेव्हा राजानं आपल्या जन्मदिवशी दयादान ठरवलं. ज्याच्या घरात कोणी मेलं असेल त्यानं वाड्यावर यायचं, पदर किंवा उपरणं पसरायचं, "महाराज दयाळू आहेत" म्हणायचं, आणि जोंधळा व नाण्यांची पिशवी घेऊन जायचं. धुरपदाही रांगेत उभी राहिली. घरात दाणा नव्हता आणि मैनेचं औषध संपलं होतं. पिशव्या वाटणाऱ्या प्रधानासमोर तिची पाळी आली, पण तिनं पदर पसरला नाही.

"परधानजी, हे कशापायी देताय?" तिनं विचारलं.

"कशापायी म्हणजे? महाराजांना तुमची दया आली."

"माझा घरधनी डोंगरात खणत हुता. खोकून खोकून गेला. त्याबद्दल हाय का हे?"

"खोकला हवेनं होतो, बाई. डोंगराचा काही संबंध नाही. घे आणि पुढं हो."

"मग बैल कुणाचा?"

प्रधानाला ती रीत ठाऊक होती, त्यामुळे त्याच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. "महाराजांना बैल म्हणतेस?"

"महाराजांना न्हाई. त्यांच्या हुकमाला म्हणते. त्यानं आमचं खाल्लं."

एवढं बोलून ती मागे वळली आणि रिकाम्या हातानं घरी आली.

शेजारची गिरजाकाकू आपली पिशवी घेऊन तिच्या मागोमाग आली. ती काही वाईट बाई नव्हती. तिचेही दोन मुलगे डोंगरात खणून खोकल्यानं गेले होते. "धुरपदे, पोरीकडं बघ की गं," ती म्हणाली. "मान ताठ ठेवून पोट भरतंय का कुणाचं?"

"काकू, पोरीकडंच बघतेय," धुरपदा म्हणाली. "वैद्य तिला हवेचं औषध देतोय. डोंगराचं नाव घ्यायची त्याला बंदी हाय. पिशवीभर नाणी आणली तर हवेचंच औषध जास्ती मिळंल. आन् डोंगर तर अजून चालूच हाय. दावं कोण बघणार?"

काकूनं आपली पिशवी उचलली. ती निघून गेली. मैना चुलीपुढे बसून फुंकर घालत होती. फुंकता फुंकता तिला ढास लागली, आणि धुरपदेची नजर त्या चुलीवर खिळली. चूल पिवळी होती. डोंगराबाहेर टाकलेली ती माती मऊसूत होती, कधी तडकत नसे, म्हणून इतकी वर्षं धुरपदा तिच्याच चुली घालत आली होती. तिच्या घरात, काकूच्या घरात, गावातल्या घराघरात तीच चूल होती, आणि लेकी-सुना रोज तोंड खाली घालून तिच्यात फुंकत होत्या.

धुरपदेनं मैनेला चुलीपासून बाजूला ओढलं. तिला जवळ घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. गप्प बसणं सोपं होतं. कोणाला काही कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी हवेवर ढकलता आलं असतं. राजानं तेच केलं होतं. पण राजाकडे जे वाक्य मागायचं, ते आपण गिळून कसं चालेल?

ती उठली. आधी तिनं आपली चूल फोडली. मग गिरजाकाकूच्या दारात जाऊन पायताण काढलं.

"काकू, माझ्या बैलानं खाल्लं," ती म्हणाली. "चूल पिवळ्या मातीची हाय. मी घातली. मला ठाऊक नव्हतं, पर घातली मीच. ती फोडते आन् नदीच्या मातीची नवी घालून देते."

काकू खांबाला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती रागवली नाही. तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मग स्वतःच कुदळ आणली.

धुरपदा दारोदार गेली. कोणी तिला पाणी दिलं, कोणी शिव्या दिल्या. ज्या घरची सून नुकतीच गेली होती, त्या घरच्या म्हाताऱ्यानं तिच्या अंगावर काठी उगारली. ती हलली नाही. तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, चूल फोडली, नवी घातली आणि पुढच्या दारी गेली. फुटक्या चुलींची माती लोकांनी आपण होऊन डोंगराच्या वाटेवर नेऊन टाकली. तिथे तिचा मोठा ढीग झाला. खणणारे त्या ढिगाशी आले आणि थबकले. आपल्याच आया-बायकांच्या चुली होत्या त्या. ढीग ओलांडून डोंगरात कोणीही गेलं नाही. राजाची पिवळी माती बंद झाली.

प्रधान दुप्पट मोठी पिशवी घेऊन धुरपदेच्या दारी आला आणि तसाच परत गेला. शेवटी राजा स्वतः आला. तो आला होता रागवायला.

"वज्र मी हौसेखातर घडवलं का?" तो दारातून गरजला. "राज्य राखायला घडवलं. तुम्हालाच राखायला."

धुरपदा मैनेच्या उशाशी बसली होती. ती उठून उंबरठ्याशी आली.

"राखलं असंल, महाराज. बैलबी शेतकरी कष्टालाच पाळतो. म्हणून त्यानं दुसऱ्याचं खाल्लं तर बैल मालकाचा न्हाई, असं कुणी म्हणतं का?"

आतून मैनेचा खोकला ऐकू येत होता. तो ऐकून राजाचा आवाज उतरला. "तू हे वाक्य किती दारांत म्हणालीस?"

"साऱ्या गावात."

"लाज नाही वाटली?"

"लई वाटली. पहिल्या दारात जीभच उचलंना. पर म्हटल्यावर मेले न्हाई, महाराज. आता झोप लागते."

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधान जमिनीकडे पाहत होता. मग राजानं वाकून आपल्या जरीच्या मोजड्या काढल्या आणि उन्हानं तापलेल्या मातीवर तो अनवाणी उभा राहिला.

"माझ्या बैलानं खाल्लं," तो म्हणाला.

हे वाक्य राजाच्या तोंडातून निघालं आणि बाकीचं त्याच्या मागोमाग आलं. डोंगर बुजवला गेला. वज्र पुन्हा फुटलं नाही. राजवैद्याच्या तोंडावरची बंदी उठली, आणि तो हवेचं औषध टाकून डोंगराच्या दुखण्यावरचं औषध शोधायला बसला. मैनेचा खोकला पुरता गेला नाही, पण ती जगली, आणि पुढे आईसारख्याच चुली घालू लागली.

भरपाई वाटत वाटत राजा गावाच्या वेशीपर्यंत आला, तेव्हा प्रधान म्हणाला, "आता परतू या, महाराज. गाव संपलं."

धुरपदा मागेच होती. "राख वेशीवर थांबली हुती का, परधानजी?" तिनं विचारलं.

राजा वाऱ्याच्या वाटेनं पुढे निघाला. कित्येक गावांत त्याला अशी घरं लागली, जिथे दार उघडायला कोणीच उरलं नव्हतं. तिथेही तो अनवाणी उभा राहिला, बंद दारासमोर ते वाक्य म्हणाला आणि धान्य उंबरठ्यावर ठेवून पुढे गेला. आता ते म्हणायला त्याला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: "हे माझ्यामुळे झालं" असं म्हणून दिलं तरच ती भरपाई, ते न म्हणता कितीही दिलं तरी ती भीकच.