जायफळाच्या तीन फांद्या

एका राज्यात जायफळाची मोठी बाग होती आणि धृतवर्मा राजाचा तिथे एक कडक रिवाज होता. जे झाड फळ देत नाही, त्याच्यावर कुऱ्हाड! राजाला त्याचा भारी अभिमान. एके वर्षी सारंगधर माळ्याने राजाज्ञेने बागेतले शेवटचे बिनफळाचे झाड तोडले. त्या झाडात कालकंठ नावाचा मांत्रिक राहत होता. घर पडले तसा तो खवळला.

"धनेश पक्षी होशील! या बागेत जायफळ पिकून उकलेल, त्या दिवशीच माणूस होशील."

सारंगधर पक्षी झाला आणि फांदीवर जाऊन बसला.

तेव्हापासून बाग फुले, पण फळेना. माळ्याची बायको कमळजा रोज सांजेला झाडाखाली बसे. पक्षी तिच्याशी बोले, पण दर वर्षी माणसांतले काही ना काही विसरे. आधी भाकरीची चव विसरला, मग आईचा चेहरा. अकराव्या वर्षी त्याने विचारले, "कमळजे, आपलं लग्न कुठे झालं होतं गं?"

पुढच्या बहरापर्यंत हा आपल्यालाही विसरणार, हे तिने ओळखले. शेवटचे बिनफळाचे झाड पडले तेव्हापासूनच बाग फळेना, हेही तिच्या ध्यानात आले.

"अहो, कुठे बिनफळाचं झाड उरलंय का?"

"सात डोंगरांपलीकडे एक आहे. नुसतंच फुलतं."

कमळजा सात डोंगर ओलांडून गेली. तिथली फुले तिने नखाने उकलली. घरच्या फुलांच्या पोटात फळाची इवलीशी कुपी असे. इथे कुपी नव्हती, पिवळी पूड होती. तिने एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि राजापुढे आली.

"महाराज, बाग शापाने नाही, एकटेपणाने वांझ आहे. आपण झाडांचे नवरे तोडले. या फुलांतली पिवळी पूड मिळाली, तर बाग फळेल."

दरबार खो खो हसला. प्रधान म्हणाला, "पिवळी पूडच हवी, तर हळद काय वाईट?"

"तीही लावते. मला तीन फांद्या द्या."

तिने तिन्ही फांद्यांच्या न उमललेल्या कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या. फुले उमलली तेव्हा पहिलीला काहीच लावले नाही. दुसरीला हळद लावली. तिसरीला डोंगरापलीकडची पूड लावली आणि तिन्ही पिशव्या पुन्हा बांधल्या. राजाने तिन्ही गाठींवर मोहोर उठवली.

महिन्याने पिशव्या सोडल्या. पहिलीत वाळकी फुले, दुसरीतही वाळकी फुले. तिसरीत हिरवी, वाटाण्याएवढी सात फळे! प्रधानाने मान खाली घातली.

पण जायफळ पिकायला नऊ महिने लागतात. कमळजा झाडाखालून हलेना. सहाव्या महिन्यात पक्षी तिला "बाई" म्हणू लागला. आठव्या महिन्यात नुसता बघत राही. तीच बोले, रोज, सगळे पहिल्यापासून. आपला आवाज तरी त्याच्या ओळखीचा राहावा, एवढीच तिची आस होती.

नवव्या महिन्यात पहिले फळ उकलले. आत जायपत्री लालभडक. फांदी हलली आणि सारंगधर माणूस होऊन खाली उतरला. त्याने तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"फार वाट पाहायला लावली ना मी?"

कमळजा मोठ्याने रडली. राजाने रिवाज मोडला आणि डोंगरापलीकडच्या झाडाची कलमे स्वतः बागेत लावली. त्या संध्याकाळी अकरा वर्षांनी कमळजेने चुलीपुढे दोन पाट मांडले. वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या घरी असेच दोन पाट मांडले जावोत.