तिम्मण्णा वडार आणि खालच्या वस्तीचं पाणी

फार वर्षांपूर्वीची हकिकत आहे. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांची पतवंडंसुद्धा आता काठी टेकत चालतात. पण निमजाळ गावात कुणालाही विचारा, काल घडल्यासारखी सांगतील.

त्या गावात तिम्मण्णा वडार राहायचा. दगड फोडायचा, विहिरी खणायचा. जमिनीला कान लावला की खालचं पाणी त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. तो आणि त्याची बायको दुर्गव्वा खालच्या वस्तीच्या कडेला पाल ठोकून राहत. वस्ती चाळीस उंबऱ्यांची. वरच्या आळीत बांधीव विहीर होती, पण खालच्यांना तिच्यावर दोर टाकायची मुभा नव्हती. ते ओढ्यातल्या डबक्याचं पाणी फडक्यानं गाळून प्यायचे. त्याच डबक्यात गुरंही उतरायची.

एका वर्षी तालुक्याच्या बोर्डानं निमजाळला पैसे मंजूर केले. काम एकच करायचं, कोणतं ते गावच्या पंचांनी ठरवायचं. हे कळलं तसा तिम्मण्णा तीन दिवस उताराच्या जमिनीवर कान लावत फिरला, आणि मग पंचांपुढे जाऊन उभा राहिला.

"मालक, हिंगणाच्या झाडाखाली पाणी आहे. तीस हातांवर. मी ऐकलंय."

राघोजी पाटील वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "तू ऐकलंस, तिम्मा, पण आम्हाला काही दिसत नाही. साहेब दौऱ्यावर येतात, त्यांना बसवायला जागा नाही. दगडी चावडी झाली तर बोर्ड पुढच्या वर्षी आणखी देईल. तुमच्या विहिरीचं तेव्हा बघू."

बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या. ठराव झाला. चावडीचे दगड फोडायचं काम तिम्मण्णालाच मिळालं, आणि घरात चूल पेटायची होती म्हणून त्यानं ते घेतलं. त्यानं घडवलेला एकही चिरा आजवर जागचा हललेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. अकरा दिवसांत खालच्या वस्तीची एकोणीस माणसं गेली. दुर्गव्वाला उलट्या सुरू झाल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ओढ्याचं पाणी नको." तिम्मण्णा तांब्या घेऊन वरच्या विहिरीकडे धावला. तिथं त्याला लांब उभं केलं. ओतणारं माणूस येईपर्यंत थांब, म्हणाले. तो थांबला. भरला तांब्या घेऊन परतला, तोवर दुर्गव्वा संपली होती. तो तांब्या त्यानं शेजारच्या घरात दिला, तिथंही दोघं अंथरुणावर होती.

तिला माती देऊन आल्यावर तो चावडीसमोर बसून राहिला. भिंतीतला प्रत्येक दगड त्याच्या हातचा होता. कोणता कोणत्या दिवशी फोडला, तेही त्याला आठवत होतं. त्याला वाटलं, आपण हे दगड फोडत होतो तेवढ्या दिवसांत विहीर झाली असती. तो उठला, पहार घेतली आणि हिंगणाखाली खणायला लागला.

पाटील आला. "ठरावाशिवाय गावठाणात खणता येत नाही, तिम्मा."

"मग ठराव करा, मालक. तोवर मी खणतो."

त्याच्या पहारेचा आवाज तीन गावांत ऐकू जायचा, असं म्हणतात. चावडीत पंच बसले की खालची फरशी थरथरायची आणि त्यांच्या पेल्यातलं पाणी हिंदकळायचं. दौऱ्यावर आलेल्या साहेबाला कागदावर सही करता आली नाही म्हणे, टाक एका जागी ठरेना.

पंचवीस हातांवर काळा पाषाण लागला. पहार बोथट झाली. सुरुंगाची दारू सरकारी परवानगीशिवाय मिळेना. एकच जुना उपाय उरला होता. दगडावर लाकडं पेटवायची आणि तो तापून लाल झाला की वरून गार पाणी ओतायचं. मग दगड तडकतो. पण पाणी आणायचं कुठून? वैशाख होता, डबकंही तळाला गेलं होतं.

राही नावाची म्हातारी होती, पटकीत तिचे दोन्ही मुलगे गेले होते. ती आपली अर्धी घागर घेऊन आली आणि म्हणाली, "ओत." मग घराघरातून एकेक तांब्या येऊ लागला. नऊ दिवस वस्ती अर्ध्या पाण्यावर राहिली. पोरं ओठ चाटत झोपायची. दगड बोटाबोटानं फुटत होता. नवव्या दिवशी राहीनं दारातच प्राण सोडला. घरात घागर उपडी होती.

त्याच दुपारी तिम्मण्णा घण घेऊन खाली उतरला. काठावरच्यांनी एकच घाव ऐकला. मग जमिनीतून हुंदका यावा तसा आवाज झाला, आणि पाणी इतक्या वेगानं चढलं की दोर सैल होऊन वर तरंगत आला. तिम्मण्णा वर आला नाही. कपार कोसळली, असं काही सांगतात. तो पाण्यामागे आत चालत गेला, असंही म्हणतात. शरीर मिळालं नाही. तहानलेल्या वस्तीतल्या कुणीही तीन दिवस त्या पाण्याला हात लावला नाही.

त्याच वर्षी वरची विहीर आटली. राघोजी पाटील स्वतः घागर घेऊन उतार उतरून आला. काठावर राहीची सून गजरा पाणी शेंदत होती.

"पाटील, तिथंच थांबा," ती म्हणाली. "मी ओतते."

पाटील थांबला. त्यानं ओंजळ पुढे केली आणि मान खाली घालून प्याला. त्यानंतर तो चावडीत कधी बसला नाही, असं म्हणतात.

आता निमजाळला ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, नळयोजनेची टाकी आहे. विहीर उन्हाळ्यात कधी कधी तळ दाखवते, मग टँकर येतो. पण वर्षाचा निधी कशावर खर्चायचा हे ठरवणारी ग्रामसभा अजून विहिरीच्या काठावरच भरते. आधी एकवीस नावं वाचतात. पटकीत गेलेली एकोणीस, मग राही, मग तिम्मण्णा. नावं संपून खालच्या वस्तीच्या पाण्याचा विषय निकाली निघेपर्यंत कुणी बसत नाही. ऊन असलं तरी नाही.

मागच्या वर्षी नवे ग्रामसेवक आले होते. घड्याळ बघत ते म्हणाले, "नावं वाचली असं समजून पुढं जाऊ."

कुणी बसलं नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी कागद उघडला आणि पहिलं नाव वाचलं.