तीन बर्गर आणि तीन बादल्या

तात्यासाहेब बोरस्त्यांनी एकदा हट्ट धरला की तो सोडवायला घरच्यांना डॉक्टर बोलवावा लागे. या खेपेला तर हट्टाच्या मुळाशी डॉक्टरच होता.

नाशिकच्या हायवेवर तात्यासाहेबांचा मॉल होता. वरच्या मजल्यावरच्या फूड कोर्टात बर्गरची तीन दुकानं होती: टिक्की टॉवर, लाल टोमॅटो आणि बन बहाद्दर. तिघांनाही जिन्यासमोरची मोठी जागा हवी होती आणि जागा होती एकच. ज्याचा बर्गर चांगला, फ्राईज चांगल्या आणि दिलेला पैसा वसूल, त्यालाच ती मिळेल, असं तात्यासाहेबांनी जाहीर केलं. पण ठरवायचं कुणी? साखरेमुळे डॉक्टरांनी त्यांना पावाच्या तुकड्यालाही बंदी केली होती.

म्हणून मॅनेजर क्षेमकल्याणींनी पाच जणांची समिती नेमली. समितीने तिन्हीकडे मनसोक्त खाल्लं. निकालाच्या दिवशी कळलं की तिन्ही दुकानांनी पाचही जणांच्या घरी खोकी पोचवली होती. ज्याच्या घरी जे खोकं मोठं, त्याला तो बर्गर रुचकर लागला होता. गिऱ्हाइकांना विचारावं, तर त्यांच्याही खिशात फुकटच्या कोल्ड्रिंकची कुपनं निघाली.

तात्यासाहेब भडकले. ज्याने खाल्लं तो मिंधा झाला, असं म्हणून त्यांनी नवी अट घातली. निकाल देणाऱ्याने यातला एक घासही खाल्लेला नसावा आणि खाणाऱ्या कुणाला विचारलेलंही नसावं. मुदत आठ दिवस. उत्तर आलं नाही, तर क्षेमकल्याणींनी नवव्या दिवसापासून पार्किंगच्या पावत्या फाडायच्या.

क्षेमकल्याणींनी ही अट सगळ्या कामगारांना वाचून दाखवली. टेबलं पुसणाऱ्या मथुराबाई पगारे तेवढ्या पुढे झाल्या आणि मी सांगते म्हणाल्या. लोक हसले. क्षेमकल्याणींना मात्र हसू परवडणारं नव्हतं. ते त्यांना थेट तात्यासाहेबांकडे घेऊन गेले.

तात्यासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "चुकलात, तर उद्यापासून कामावर यायचं नाही. कबूल?"

"कबूल," मथुराबाई म्हणाल्या. "मला फक्त झाकणाच्या तीन बादल्या द्या."

पुढचे आठ दिवस त्यांनी नेहमीसारखंच काम केलं. टेबलं पुसली, ट्रे उचलले. फरक एवढाच, की ट्रेमधलं उरलंसुरलं त्या दुकानाप्रमाणे वेगवेगळ्या बादलीत टाकत होत्या. लोक त्यांच्याकडे बघून कपाळाला हात लावत. रात्री बादल्या धुऊन ठेवताना त्या मनात पैशांचा हिशोब करत. मुलीची कॉलेजची फी पुढच्याच महिन्यात भरायची होती.

आठव्या दिवशी दुपारी तात्यासाहेबांच्या केबिनमध्ये, गालिच्यावर, त्या दिवसाच्या उष्ट्याने भरलेल्या तीन बादल्या येऊन बसल्या. क्षेमकल्याणींनी नाकाला रुमाल लावला.

मथुराबाईंनी पहिलं झाकण काढलं. टिक्की टॉवर. आत पावच पाव होते, वरचेही आणि खालचेही. त्या म्हणाल्या की हा बर्गर इतका उंच असतो की तोंडात मावत नाही. लोक आधी त्याचा फोटो काढतात, मग मधली टिक्की खातात आणि कोरडा पाव ठेवून उठतात.

दुसरं झाकण बन बहाद्दरचं. यात अर्धे चावलेले बर्गर होते, पण फ्राईजचा एक तुकडा नव्हता. कागदी कोनसुद्धा उसवलेले होते. लोकांनी तळाचा चुरा बोटांनी टिपून खाल्ला होता. फ्राईज खाव्यात तर यांच्याच, असं त्या म्हणाल्या.

तिसरी बादली लाल टोमॅटोची. तिच्यात मऊ पडलेल्या फ्राईज बऱ्याच होत्या. बर्गरचे मात्र नुसते कागद होते.

तात्यासाहेब खुर्चीतून पुढे झुकले. त्यांना चूक सापडली होती. "कागद रिकामे, म्हणजे बर्गर चांगलाच असं कुठे आहे? एवढासा असेल, म्हणून संपत असेल. मग पैसा कसला वसूल?"

"एवढासा असता, तर माणूस भुकेला उठला असता," मथुराबाई म्हणाल्या. "टिक्की टॉवरचं गिऱ्हाईक उठतं आणि डोशाच्या रांगेत जाऊन उभं राहतं. लाल टोमॅटोचं गिऱ्हाईक उठतं, हात धुतं आणि जिना उतरतं. कॉलेजची पोरं तर एकात दोघं खातात. जागा त्यांना द्या साहेब. फक्त फ्राईज सुधारायची अट घाला."

तात्यासाहेबांनी बादल्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. पण हट्ट अजून शाबूत होता. सहा वर्षं तिन्ही दुकानांचे ट्रे उचलता आणि एकदाही घास चाखला नाहीत, एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाहीत, यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांनी विचारलं.

मथुराबाईंनी पदर सारखा केला.

"साहेब, टेबलं पुसणाऱ्या बायकांनी इथलं काही खायचं नाही आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, असा नियम आहे. भिंतीवर लावलाय, खाली तुमचीच सही आहे. तुम्हाला हवा तसा माणूस तुम्हीच सहा वर्षं तयार करून ठेवलात. मग शोधत कशाला बसलात?"

क्षेमकल्याणींचा रुमाल हातातून पडला. तात्यासाहेबांचं पोट हलू लागलं आणि ते इतके हसले की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन धावत आला.

त्या संध्याकाळी लाल टोमॅटोला जिन्यासमोरची जागा मिळाली. भिंतीवरचा नियम तात्यासाहेबांनी स्वतः खुर्चीवर चढून काढला आणि मथुराबाईंना फूड कोर्टाच्या सुपरवायझर केलं, वाढीव पगारासह. टेबलं पुसणाऱ्या नऊही बायकांसाठी टेबल मांडलं गेलं. आणि त्यांचे ट्रे उचलायला, तात्यासाहेबांच्या हुकमावरून, ती पाच जणांची समिती उभी होती.