धुरपाची दवंडी

फार वर्षांमागची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. तिथं बांधाबांधावर घायपात माजलेली असायची, म्हणून गावातली पाच घरं पिढ्यान्‌पिढ्या दोर वळत आली होती. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, दगडावर ठेचायची, त्यातला पांढरा धागा, म्हणजे वाख, धुऊन उन्हात वाळवायचा आणि मग दोघांनी दोन टोकांना उभं राहून त्याला पीळ द्यायचा, असं ते काम. वळताना हातांना घट्टे पडायचे, पण दोर असा व्हायचा की बघत राहावं.

त्या पाच घरांत धुरपा नावाची एक बाई होती. बाप गेल्यावर त्याच्या घरचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. बोलणं कमी, पण एकदा मनात घेतलं की तडीस नेल्याशिवाय सोडायची नाही.

दरवर्षी एक व्यापारी बैलगाडी घेऊन यायचा आणि पाचही घरांचे दोर एकदम उचलून न्यायचा. ते पुढं कुठं जातात, कोण वापरतं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या वर्षी मात्र दिवाळी झाली, मार्गशीर्ष उजाडला, तरी गाडी आली नाही. मग निरोप आला की व्यापारी थकला आणि त्यानं पेठेतलं दुकान बंद केलं.

माळे दोरांनी भरले. विहिरीसाठी वळलेले जाड, लांब दोर तर पडवीतही मावेनात.

पाच घरांत वडीलधारे होते ते आबा. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "पाडव्यापर्यंत वाट बघू. तोवर माल हलला नाही, तर आम्ही चार घरं खाणीवर दगड फोडायला जाऊ. काय करणार? पोटाला तर हवं."

"आबा, पाडव्यापर्यंत हे दोर मी विकून दाखवते," धुरपा म्हणाली.

"तू? तू तर कधी बाजारात उभी राहिली नाहीस, पोरी."

"मग आता राहीन."

पंचक्रोशीत गोंदा दवंडीवाल्याचं मोठं नाव होतं. त्याचा आवाज असा, की डफावर थाप पडली की चालतं माणूस थांबायचं. धुरपानं त्याला बोलावलं. घरची ज्वारी द्यायची आणि त्यानं पाडव्यापर्यंत आठ बाजार करायचे, असं ठरलं.

पहिला बाजार देवीच्या जत्रेचा. गोंदानं डफ तापवला आणि सुरू केलं, "ऐका हो ऐका! हत्ती बांधा, डोंगर बांधा, आभाळातला चंद्र खाली ओढून बांधा! आमच्या गावचा दोर कधी तुटायचा नाही हो!"

लोक धावत आले. पोरं टाळ्या पिटू लागली. एका म्हाताऱ्यानं तर "पुन्हा एकदा म्हण रे," म्हणून फर्माईश केली. गोंदानं पुन्हा म्हटलं. लोक हसले, डोलले आणि रेवड्या घ्यायला निघून गेले. दिवसभरात दोन दोर गेले, तेही झोपाळ्यासाठी.

परतीच्या वाटेवर गोंदा खुशीत होता. "बघितलंस ना धुरपाबाई, केवढी गर्दी जमली!"

"गर्दी जमली खरी," धुरपा म्हणाली. "पण दादा, त्यातल्या कुणाकडे हत्ती होता?"

गोंदानं डफ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"पुढचे पंधरा दिवस डफ गुंडाळून ठेवा," ती म्हणाली. "मला आधी ऐकायचंय."

दुसऱ्या दिवसापासून धुरपा गावोगाव हिंडू लागली. पाणवठ्यावर एक म्हातारी भेटली. दोर ओढून ओढून तिच्या तळहाताची सालं निघाली होती. तिला दोर तुटायची भीती नव्हती, तिला तो हाताला मऊ हवा होता. गुरांच्या बाजारात एका शेतकऱ्यानं आपल्या खोंडाची मान दाखवली. दाव्यानं काचून काचून तिथं जखम झाली होती. आणि एका माळावर विहीर खोदणारे लोक दिसले. ते कमरेला दोर बांधून खोल खाली उतरायचे. उतरण्याआधी प्रत्येक जण दोर बोटांनी चाचपून बघायचा, मग डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा. धुरपा तिथं बराच वेळ उभी राहिली.

घरी येऊन तिनं कोळसा घेतला आणि भिंतीवर उरलेल्या सात बाजारांच्या सात रेघा ओढल्या.

"हे काय चित्र काढतेस?" आबांनी विचारलं.

"कुठं काय बोलायचं ते ठरवतेय, आबा. पण आधी आपल्याला काय हवंय ते ठरवू. झोपाळ्याचे दोन दोर विकून पाच घरं जगणार नाहीत. आपल्याकडे पडून आहेत ते विहिरीचे दोर. ते गेले पाहिजेत, आणि घेणारा दरसाल परत आला पाहिजे."

"बरं, मग?"

"पौषात गुरांचा मोठा बाजार भरतो. तिथं विहिरीचं नावच काढायचं नाही, नुसतं दाव्यांचं बोलायचं. माघ लागला की विहिरींच्या कामांना जोर चढतो. तेव्हापासून विहिरीच्या दोराचं सांगायचं, ते पाडव्यापर्यंत. देवीच्या जत्रेसारख्या जत्रांना आता जायचं नाही. तिथं लोक मजा बघायला येतात."

गोंदानं नवे शब्द ऐकले आणि तोंड वाकडं केलं. "गुरांच्या मानेला काचणार नाही असं दावं, एवढंच म्हणू? यात ना तिखट, ना मीठ!"

"तिखटमीठ तुमच्या डफात आहे की, दादा. शब्द मात्र माझेच राहू देत."

गुरांच्या बाजारात त्या दिवशी गर्दी थोडीच जमली. पण जे थांबले ते दावं हातात घेऊन, आपल्या मानेवर घासून बघत होते. दुपारपर्यंत दाव्यांची पाटी रिकामी झाली. गोंदा चकित झाला. धुरपा मात्र हसली नाही. खरं काम अजून पुढंच होतं.

माघातल्या पहिल्या बाजारात विहिरी खोदणाऱ्यांचा मुकादम आला. उंच, काळासावळा, डाव्या पायानं लंगडणारा. त्यानं दोर उलटसुलट करून पाहिला, ताणला, आणि एकच प्रश्न विचारला.

"किती टिकेल?"

गोंदा धुरपाच्या कानाशी कुजबुजला, "सांग, जन्मभर! अकरा माणसांचा म्होरक्या आहे तो. सगळे दोर घेऊन जाईल."

समोर पाच घरांची सुटका उभी होती. एक शब्द, आणि काम झालं असतं. पण तिला माळावरचे ते मिटलेले डोळे आठवले.

"रोज माणूस उतरत असेल तर एक उन्हाळा," ती म्हणाली. "त्यानंतर यानं गुरं बांधा, माणूस उतरवू नका."

मुकादमानं तिच्याकडे रोखून पाहिलं, दोर खाली ठेवला आणि तो निघून गेला.

ही बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. आबा संतापले. "आपला दोर तुटतो असं कुणी भर बाजारात सांगतं का? आता खाणीची वाट धरायची, दुसरं काय!"

"पाडवा अजून लांब आहे, आबा," धुरपा म्हणाली. तिची मान ताठ होती.

मुकादमाचा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. दोर मजबूत आहे का, असं त्यानं विचारलंच नव्हतं. दोर कधी साथ सोडेल ते त्याला कळायला हवं होतं. विहिरीत उतरणाऱ्याला दोराच्या पोटातलं कसं कळणार? तीन दिवस ती नुसती दोर उकलत आणि पुन्हा वळत बसली. चौथ्या दिवशी तिनं ट्रंकेतलं जुनं लाल लुगडं काढलं, त्याच्या बारीक चिंध्या फाडल्या आणि दोराच्या तिन्ही पेडांच्या मधोमध एक लाल चिंधी वळली. मग तो दोर दगडावर घासून घासून झिजवला. वरचा वाख विरला आणि आतलं लाल डोकावलं. दोर अजून तुटला नव्हता, पण आता तो बोलत होता.

"आबा, माळ्यावरचे सगळे दोर उकला," ती म्हणाली. "पुन्हा वळायचे आहेत."

आबांनी तो झिजलेला दोर हातात घेतला. त्या लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आमच्या घरातही एक लाल लुगडं आहे."

पाचही घरं कामाला लागली. पुढच्या बाजारात गोंदानं डफ वाजवला आणि फक्त एकच ओळ म्हटली, "लाल दिसलं, की दोर बदला!"

लोक विचारू लागले, "लाल म्हणजे काय रे?" गोंदा दोर झिजवून दाखवायचा. प्रत्येक बाजारात तीच ओळ, तेच दाखवणं. ती ओळ बाजारातून माळावर गेली, माळावरून पाणवठ्यावर. पाणी शेंदणाऱ्या बायकाही आपापले दोर निरखू लागल्या.

पाडव्याला बारा दिवस उरले असताना मुकादम धुरपाच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्यानं एका दोराचं टोक उकललं, आतली लाल चिंधी बघितली. मग दोर चिंचेच्या फांदीला बांधून तो स्वतः त्याला लोंबकळला.

खाली उतरून तो म्हणाला, "बाई, माझा पाय असा का झाला माहीत आहे? कधीच तुटणार नाही म्हणून एकानं दोर दिला होता. तो तुटला तेव्हा माझा भाऊ दोराला होता. त्याला धरायला गेलो आणि मीही विहिरीत पडलो. मी लंगडा झालो, तो गेला. आजवर सगळ्यांनी मला दोर किती चांगला ते सांगितलं. तो वाईट कधी होतो, ते तू सांगितलंस."

त्यानं स्वतःच्या माणसांसाठी दोर घेतले. इतर मुकादमांनाही निरोप धाडले. पाडव्याला माळे रिकामे होते आणि पाचही घरांवर गुढ्या उभ्या होत्या. खाणीवर कुणीच गेलं नाही.

पुढच्या माघात मुकादम परत आला. खांद्यावरच्या जुन्या दोरातून लाल डोकावत होतं.

"बदलायची वेळ झाली," तो म्हणाला. त्याची अकराही माणसं त्याच्या मागं उभी होती.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य: आपल्या मालाचं कौतुक कुणीही ओरडून सांगेल, पण आपल्याला काय साधायचंय आणि समोरच्याला काय हवंय, हे आधी ओळखून जो योग्य जागी, योग्य वेळी खरं तेच बोलतो, त्याच्याकडे माणसं पुन्हा येतात.