हा वाटा कुणाचा?

सह्याद्रीतल्या एका खिंडीखाली एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक म्हातारा राहत होता. त्याच्याकडे ना मोठी जमीन, ना गोठ्यात चार म्हशी. पण एक मान मात्र त्याच्या घरात बापजाद्यांपासून चालत आला होता. गावानं मिळून शिकार केली की तिचे वाटे केरबा घालायचा.

वाटे घालायची रीत अशी. गावात जितक्या चुली, तितकी सागाची पानं देवळापुढे मांडायची. केरबानं मांस कापून प्रत्येक पानावर सारखा ढीग घालायचा. मग त्यानं ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्या माणसानं एकेका ढिगाला काठी लावून विचारायचं, "हा वाटा कुणाचा?" केरबानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं, त्याचा तो ढीग. कुणाच्या पानावर हाडं जास्त आली, कुणाच्या पानावर काळीज आलं, तरी तक्रार नाही. पाटलाच्या चुलीला जेवढं पान, तेवढंच विधवा रखमाच्या चुलीला.

या रीतीत आणखी एक गोष्ट होती. ज्यानं जनावर जखमी केलं, त्यानं त्याचा माग सोडायचा नाही. ते सापडेपर्यंत केरबा सुरी हातात घेत नसे. कारण जखमी डुक्कर माणूस दिसला की थेट अंगावर येतं. आणि रानात रोज जातं कोण? शिकारी नव्हे. मोळीला जाणारी बाई जाते, गुरं घेऊन गुराखी जातो. एकानं केलेली जखम दुसऱ्यानं का भोगायची?

एका वर्षी आषाढ संपता संपता त्या मुलखाचे सरदार हैबतराव गावात आले. बरोबर घोडे, बंदुका, आचारी आणि हांजी हांजी करणारे चार सोबती. आल्या आल्या हुकूम सुटला, दोन दिवस शिकार करायची, गावानं ढोल घेऊन रान उठवायचं.

सुबराव पाटील हात जोडून म्हणाला, "सरकार, आखाडात शिकार नगं. बंदुकीची दारू सर्दावती. गोळी लागती, पर जीव जात न्हाई. रगात पावसात धुऊन जातं, मग माग कसा काढायचा? दसरा झाल्यावर या."

सरदार हसले. "पावसाला भिऊन आम्ही घरी बसायचं? आमचं नाव हैबतराव आहे, पाटील."

सोबतीही हसले. त्यांना त्याचाच तर पगार होता.

खरं सांगायचं तर गावानंही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. रानडुकरांनी नाचणीची रोपं उकरून टाकली होती. शिवाय श्रावण चार दिवसांवर आला होता. एकदा श्रावण लागला की महिनाभर मांसाचं नाव नाही. म्हणून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि तोंडाला पाणी सुटलं की शहाणपण वाहून जायला वेळ लागत नाही.

पहिला दिवस पावसातच गेला. गावातली माणसं घोंगड्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन दिवसभर चिखलात ढोल बडवत, ओरडत फिरली. पायांना जळवा लागल्या. सरदार मात्र मेणकापडाच्या आडोशाला, शेगडीशी हात शेकत बसले होते. रानातून एक ससासुद्धा बाहेर आला नाही, तेव्हा त्यांनी ढोल नीट वाजवत नाही म्हणून गावालाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक सांबर पडलं. सोबत्यांनी असा जल्लोष केला की जणू सरदारांनी गड सर केला होता. दुपारी कारवीच्या झुडपांतून डुकरांचा कळप सुटला. सरदारांनी नेम धरला. दारू ओली झाली होती. बार फुसका निघाला. गोळी एका थोराड डुकराच्या मागच्या पायाला लागली. ते कोसळलं, किंचाळलं, पुन्हा उठलं आणि पाय ओढत खिंडीकडच्या झाडीत शिरलं.

केरबा तिथंच होता. तो धावत आला. "सरकार, लागलंय त्येला. आत्ताच माग काढाया पायजे. तास गेला तर पाऊस सगळं पुसून टाकंल."

सरदारांनी आभाळाकडे पाहिलं. "पाऊस वाढला आहे. मरेल ते आपोआप."

"आन न्हाई मेलं तर?"

"तर पुढच्या वेळी मारू," सरदार म्हणाले आणि घोड्यावर बसले.

बघा ही मर्दुमकी! कोरड्यात बसून मुक्या जनावराचा पाय मोडायचा, ते तडफडत असताना त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि वर मिशीला पीळ द्यायचा. खाटीकसुद्धा अर्धा मारलेला बकरा सोडून जेवायला जात नाही.

केरबा मात्र खिंडीकडे बघत उभा होता. गावातल्या बहुतेक मुली खिंडीपलीकडच्या गावांत दिल्या होत्या. पंचमी जवळ आली की त्या माहेरी यायच्या, आणि त्यांची वाट त्याच झाडीतून होती. केरबाची एकुलती एक लेक चंद्रा दुसऱ्याच दिवशी यायची होती, कडेवर तान्हं पोर घेऊन. तिला निरोप धाडायचा, तर खिंडीपलीकडच्या ओढ्याला पूर आला होता. उतार पडेल तो सकाळीच, आणि उतार पडला की चंद्रा तिकडून निघणार. मधे ते डुक्कर.

संध्याकाळी सांबर देवळापुढे आणून टाकलं. पानं मांडली. घराघरांतून मसाला वाटल्याचा वास येऊ लागला. पाटलानं केरबापुढे सुरी धरली.

"न्हाई," केरबा म्हणाला. "डुक्कर गावंस्तवर मी सुरी धरणार न्हाई. रीत हाय."

"रीत आम्हाला शिकवतोस?" सरदार म्हणाले. त्यांनी आपल्या आचाऱ्याला खूण केली. आचाऱ्यानं सुरी घेतली आणि सांबर कापायला सुरुवात केली.

केरबानं गावाकडे पाहिलं. त्याला वाटलं, कुणीतरी बोलेल. सगळे खाली बघत होते. बोलला तो धुळाप्पा. गेली कित्येक वर्षं ढिगांना काठी लावून नावं विचारायचा मान धुळाप्पाचा होता.

"तात्या, एका डुकरापायी समद्या गावाचा घास कशाला घालवतोस? दोन दिसांनी श्रावण हाय. सरकार रागावलं तर आनिक येगळंच."

हे ऐकून केरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरदार परका माणूस. त्याला या खिंडीचं सोयरसुतक नाही. पण धुळाप्पाची बायजासुद्धा त्याच वाटेनं यायची होती! स्वतःची पोर विसरायला लावणारा असा कोणता घास असतो? केरबाला सरदाराचा आला नव्हता एवढा राग आपल्या माणसांचा आला.

आचाऱ्यानं ढीग घातले. सरदार म्हणाले, "हं, म्हाताऱ्या, आता नावं घे. तेवढं तरी कर. म्हणजे आम्ही तुमची रीत मोडली असं कुणी म्हणायला नको."

केरबानं मांडलेल्या पानांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "घेतो."

तो ढिगांकडे पाठ करून उभा राहिला. समोर पावसात धूसर झालेली खिंड होती. धुळाप्पानं पहिल्या ढिगाला काठी लावली.

"हा वाटा कुणाचा?"

"माझ्या चंद्राचा," केरबा म्हणाला. "उद्या खिंडीतनं यायची हाय. कडंवर ल्येकरू आसंल. पळायचं म्हटलं तरी पळता यायचं न्हाई तिला."

लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय? धुळाप्पानं दुसऱ्या ढिगाला काठी लावली.

"हा वाटा कुणाचा?"

"पाटलाच्या शेवंताचा. ती बी त्याच वाटंनं येनार."

पाटलानं मान वर केली.

"हा कुणाचा?"

"रखमाच्या गोदाचा. तिला बाप न्हाई, भाऊ न्हाई. आनाया कोन जानार? एकलीच येनार बिचारी."

मागे बायकांत रखमा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. धुळाप्पाचा आवाज आता पार खाली गेला होता.

"आन... हा?"

"ह्यो तुझ्या बायजाचा, धुळाप्पा. घे. खा पोटभर."

धुळाप्पानं पुढच्या ढिगाला काठी लावलीच नाही. तो तिथंच उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

सरदार ताडकन उठले. "हा काय चावटपणा चालवला आहे? आमच्या पानाचं काय? आमचा वाटा कुठं आहे?"

नावं घेताना मागं वळून बघायची रीत नव्हती. त्या दिवशी केरबा वळला. त्यानं सरदारांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "सरकार, तुमचा वाटा खिंडीत हाय. आजून जित्ता हाय. जावा, घिऊन या."

सोबती पुढे सरसावले. एकानं चाबूक काढला. तेवढ्यात सुबराव पाटील केरबाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग धुळाप्पा डोळे पुसत उठला आणि दुसऱ्या बाजूला उभा राहिला. मग एकेक करत सारा गाव. रखमानं पुढे होऊन आपल्या चुलीचं पान उचललं आणि सरदारांच्या पायाशी नेऊन ठेवलं. "आमच्या लेकीच्या जिवाचं मास आमाला नगं, सरकार."

एकाही चुलीनं आपलं पान घरी नेलं नाही. वाटलेला मसाला तसाच पाट्यावर राहिला. सरदारांनी मात्र एक मांडी आपल्या तंबूत नेली. खाल्लीही असणार. असल्यांच्या घशात घास अडकत नाही.

पहाटे सरदारांचे घोडे निघाले ते खिंडीच्या उलट्या दिशेनं. आणि जखम ज्यांनी केली नव्हती, ती माणसं भाले, कुऱ्हाडी आणि कुत्री घेऊन खिंडीकडे निघाली.

डुक्कर मेलं नव्हतं. वाटेला लागूनच, कारवीत दबा धरून बसलं होतं. केरबा सर्वांत पुढे होता. ते सुटलं ते त्याच्याच अंगावर. त्याच्या सुळ्यानं केरबाची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली. धुळाप्पाचा भाला वेळेवर लागला, डुक्कर तिथंच पडलं, म्हणून म्हातारा वाचला.

दुपारी चंद्रा पोराला घेऊन खिंड उतरून आली. वाटेत तिला कुणी भेटलं नाही. घरी आली तर बाप मांडीला हळदीचा लेप लावून पडलेला. ती रडू लागली, तेव्हा केरबानं तिचं पोर छातीवर घेतलं आणि म्हणाला, "रडू नगं. तू आलीस नव्हं? झालं तर." पण तो पाय पुढे कधी सरळ पडला नाही.

दसरा झाला. रान कोरडं झालं. हैबतराव पुन्हा आले. या वेळी बरोबर दरबारातले बडे पाहुणे होते, कारण आषाढातल्या पराक्रमाच्या गोष्टी त्यांनी चवीनं सांगितल्या होत्या. डुक्कर कसं चालून आलं नि आपण कसं लोळवलं, हेसुद्धा सांगितलं होतं! पाहुण्यांना माचाणावर बसवून त्यांनी रान उठवायचा हुकूम दिला.

गावातली माणसं ढोल घेऊन मुकाट्यानं रानात गेली. कुणी नाही म्हटलं नाही.

सकाळ गेली, दुपार गेली. रानात ढोल नाही, आरोळी नाही, काही नाही. पाहुणे जांभया देऊ लागले. शेवटी सरदारांनी कारभाऱ्याला धाडलं. कारभारी रान तुडवत पाटलाजवळ आला. पाटील झाडाखाली ढोल मांडीवर घेऊन बसला होता.

"पाटील, ओरडत का नाही तुम्ही?"

पाटलानं गळ्याला हात लावला आणि अगदी बारीक आवाजात सांगितलं, "घसा बसलाय, कारभारी."

"सगळ्या गावाचा?"

"व्हय जी. आखाडात सरकारांसंगं भिजलो, तवापास्नं."

"आणि ढोल? त्यांना कुठं घसा असतो?"

"त्येंची कातडी बी तवाच सर्दावली. आजून वाळली न्हाई."

संध्याकाळी सरदार रिकाम्या हातांनी माचाणावरून उतरले. पाहुण्यांपैकी कुणी त्यांच्याकडे बघेना. ज्या शौर्याच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या, ते गावाच्या घशातून निघत होतं, हे आता सगळ्यांनाच कळलं होतं. घोडे देवळावरून गेले तेव्हा केरबा पायरीवर लंगडा पाय पसरून सुरीला धार लावत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

तात्पर्य: आपण केलेली जखम दुसऱ्याच्या वाटेवर टाकून जाणारा शूर नव्हे, आणि हे दिसत असूनही त्याच्या पंगतीला मुकाट्यानं बसणारा निर्दोष नव्हे.