नाकाखालचं बोट

“मग आप्पा, सोमवारी अभिषेकाला मीच वाजवायचं ना?”

यल्लाप्पा घडशी पानाचा देठ खुडत बसले.

दिगंबर त्यांचा सगळ्यात तयार शिष्य, आणि हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं. संगमेश्वराच्या देवळात अभिषेकाची धार थांबेपर्यंत सनईचा सूर तुटू द्यायचा नाही, अशी रीत. गालात हवा धरायची आणि ती सोडता सोडता नाकानं हळूच श्वास ओढायचा. दिगंबरचा श्वास शेजारच्या संबळवाल्यालासुद्धा कळत नसे.

चार महिन्यांपासून मात्र त्याच्या स्नायूंना सूज येत होती. लाखात एखाद्याला होणारा आजार. आधी मांड्या गेल्या, मग खांदे. श्वासाचे स्नायूही दमतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज एका दमात आकडे मोजायचे. विसाच्या आत आले, तर तडक दवाखाना गाठायचा.

“किती येतात?” आप्पांनी विचारलं.

“बत्तीस.”

“झोपतोस कसा?”

“...बसून. आडवं झालं की जीव घाबरतो.”

“आणि म्हणे बत्तीस!”

“खोटं वाटतं? हे घ्या, मोजतो.”

तो मोजू लागला. आप्पांनी हात पुढे केला आणि त्याच्या नाकाखाली बोट आडवं धरलं.

बत्तीस झाले. दिगंबरनं ऐटीत मान उचलली.

“बाराला एक श्वास घेतलास,” आप्पा म्हणाले. “एकोणिसाला दुसरा. सव्विसाला तिसरा.”

दिगंबरचे कान लाल झाले.

“आपोआप होतं, आप्पा. डॉक्टरांनाही कळलं नाही.”

“कसं कळणार बिचाऱ्यांना? ते काय सनई वाजवतात?”

दोघंही हसले. हसता हसता दिगंबरला धाप लागली, आणि ती लवकर थांबेना.

“खरं सांगितलं तर ठेवून घेतील मला,” तो कसाबसा म्हणाला. “सोमवार जाईल. आणि परत सूर लागलाच नाही तर? मला भीती वाटते, आप्पा.”

“वाटणारच रे बाळा. नाक चिमटीत धर. आता मोज.”

...

“किती?”

“बारा.”

एवढा लहान आकडा त्यानं आजवर कुणापुढे उच्चारला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं.

आप्पांनी दारातूनच रिक्षावाल्याला हाक मारली. दिगंबरच्या खांद्यावर आपली शाल टाकली आणि त्याला हाताला धरून उठवलं.

रिक्षात बसताना दिगंबर थबकला.

“मग सोमवारी वाजवणार कोण?”

“मी.”

“तुम्ही? तोंडात दात नाहीत, आप्पा! सूर चार ठिकाणी तुटेल.”

आप्पा मजेत हसले आणि त्याच्या शेजारी सरकून बसले.

“तुटू दे. देवालाही जरा श्वास घेऊ दे.”