पितळी पट्टीवरचं नाव

"...मग काय पोपट ठेवू त्याचं नाव?" धुळा म्हणाला.

मायाप्पा आबा चातीवर लोकर कातत होते, कातत राहिले.

"आबा, बगा तरी त्याच्याकडं. कंबरंएवढं कुत्रं! छाती बगा, पंजं बगा. गडी हाय गडी. असल्या गड्याला वादळच म्हनायला पायजे."

"म्हन की."

"मग मगाशी नको का म्हनला?"

"म्या कुटं नको म्हनलो? म्या खोकलो."

आबांचा कुठला खोकला तंबाखूचा आणि कुठला आपल्यासाठी, हे ओळखायला शिकण्यात धुळाची तीन वर्षं गेली होती.

ही तीन वर्षं तो आबांच्या हाताखाली मेंढरं राखायला शिकत होता. हुशार होता, यात वाद नाही. मेंढरू चालीवरून ओळखायचा. कोकराचा मोडलेला पाय बांधायचा. एकदा लांडग्याच्या मागं काठी घेऊन दोन कोस धावला होता, आणि ती गोष्ट त्यानं नंतर निदान दोनशे वेळा सांगितली होती.

आबांचा एक रिवाज होता. शिकून निघणाऱ्या गड्यानं एक पिल्लू स्वतः वाढवायचं, मेंढीच्या दुधावर, मेंढरांतच. दीड वर्ष त्याला नाव द्यायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी नाव ठरवायचं, टेकाडावर उभं राहायचं आणि हाक मारायची. तीन हाका. कुत्रं आलं, तर ते घेऊन दुसऱ्या दिवशी निघायचं आणि आपला कळप आपण राखायचा. नाही आलं, तर अजून एक वर्ष इथंच.

धुळाची स्वतःची ऐंशी मेंढरं थोरल्या भावाकडं होती. बायकोही तिथंच. सोमवारी येतो, असा त्यानं निरोप धाडला होता. आज रविवार होता.

कुत्रं येणार याची त्याला खात्री होती. का नसावी? दीड वर्ष त्याच्या हातचं खाल्लेलं जनावर. नाव कसलंही असो, आवाज तर धुळाचाच होता.

त्यानं पिशवीतून पट्टा काढला. लांडगा कुत्र्याचा गळा धरतो, म्हणून राखणीच्या कुत्र्याला अंधार पडला की खिळ्यांचा पट्टा घालतात. हा पट्टा म्हसवडच्या बाजारातून करून आणलेला होता. नवं कातडं, बोटभर खिळे आणि मधोमध पितळी पट्टी. पट्टीवर ठळक अक्षरात कोरलं होतं : वादळ.

आबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला.

"कवा कोरलं?"

"मागल्या म्हैन्यात."

"आन् इचारतूस आज?"

धुळा हसला. लाज वाटण्यातला गडी नव्हता तो.

"वादळ नसंल आवडत तर वनवा म्हनू. डोंगर म्हनू. सह्याद्री म्हनू!"

"ह्या वाळल्या गवतात उभा ऱ्हाऊन वनवा म्हून वरडलास, तर चार गावं पान्याच्या घागरी घिऊन येतील," आबा म्हणाले. "आन् सह्याद्री म्हनंपतूर लांडगा जेवून जाईल."

"तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव धोंडा. त्यात तरी काय हाय?"

"काय न्हाई. म्हून बारा वर्सं टिकलं."

धोंडा आबांच्या पायापाशी पडला होता. नाव निघालं तसा त्यानं एक कान हलवला आणि पुन्हा ठेवून दिला.

"जा," आबा म्हणाले. "मार हाक."

धुळा टेकाडावर चढला. खाली माळावर मेंढरं पांगून चरत होती. कुत्रं त्यांच्या पलीकडच्या कडेला, ओघळीच्या तोंडाशी बसलं होतं. धुळानं पटक्याचं टोक मागं टाकलं, छाती भरून घेतली आणि ओरडला,

"वादळऽऽऽ!"

आवाज खरोखर मोठा होता. पलीकडच्या टेकडीवरून परत आला.

मेंढरं दचकली. दीडशे माना एकदम वर झाल्या, आणि पुढच्याच क्षणाला सगळा कळप उधळून ओघळीकडं सुटला. कोकरं सगळ्यांत पुढं.

कुत्रं उठलं. धुळाकडं एकदा पाहिलं... आणि कोकरांच्या आडवं धावलं.

"वादळऽऽऽ! हिकडं ये!"

दुसऱ्या हाकेला मेंढरं आणखी बिथरली. कुत्रं ओघळीच्या काठानं पळत राहिलं, एकेकाला अंगानं रेटून मागं सारत राहिलं. न भुंकता. एक कोकरू खाली घसरलं, त्याची मान तोंडात धरून त्यानं ते वर आणलं. मग काठावर आडवं बसलं आणि धापा टाकू लागलं.

धुळाकडं त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

धुळा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा तापलेला होता. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. एक हाक उरली होती. निरोप तर पोचलासुद्धा असणार.

"फितूर हाय त्ये," तो म्हणाला. "म्या पाजलं, म्या वाढिवलं, आन् माझ्याच हाकंला येत न्हाई!"

आबा कातत होते.

"आवाज झ्याक हाय तुजा," ते म्हणाले.

"आबा, मस्करी नका करू. नाव बदलू का? तुमीच सांगा एकादं. तुमी सांगाल त्ये ठेवतो."

आबांनी चाती बाजूला ठेवली. शेजारी पडलेली आकडी उचलली आणि धुळाच्या हातात दिली. आकडी म्हणजे फांद्या ओढायची लांब काठी, टोकाला कोयता बांधलेली.

"मेंढरं भ्याल्याती. उनबी झालंय. त्या बाभळीच्या शेंगा पाड जा."

"आन् नाव?"

आबा पुन्हा कातायला लागले.

धुळा तणतणत बाभळीपाशी गेला. त्या माळावर तेवढं एकच झाड होतं. वाकडं, काळ्या सालीचं, ज्याच्याकडं कुणी मुद्दाम बघणार नाही असं. त्यानं आकडी लावली आणि राग काढावा तशी फांदी हिसडली. शेंगा पडल्या. काटाही पडला, त्यावर पाय पडताच तो वहाणेतून थेट टाचेत गेला. धुळानं बाभळीला एक शिवी दिली आणि खाली बसून काटा काढू लागला.

काटा खोल होता. वेळ लागला.

मान वर केली तेव्हा भोवती मेंढरं होती.

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एकेक करून आली होती, आणि मघाशी बिथरलेली तीच मेंढरं आता कुडुमकुडुम शेंगा खात होती. खाऊन झालं की एकमेकींच्या पोटाखाली माना घालून सावलीत उभी राहत होती.

सावली थोडी होती, सगळ्यांना पुरत नव्हती. जिथं ती संपत होती, तिथं कुत्रं येऊन बसलं. उन्हात. त्याच्या अंगाची जेवढी सावली पडली, तेवढ्यात तीन कोकरं मावली. मघाशी घसरलेलं कोकरू त्याच्या पंज्यावर हनुवटी टेकून झोपलं.

धुळा पाहत राहिला. हातातला काटा त्यानं टाकला नव्हता.

हे कुत्रं रोज दुपारी असंच बसत होतं. दीड वर्ष. आणि तो दीड वर्ष त्याची छाती मोजत होता... त्याला स्वतःची लाज वाटली. बऱ्याच वर्षांनी वाटली.

सावली सरकली. आबा तिकडं कातत होते, इकडं बघतसुद्धा नव्हते.

"बाभळ्या..." धुळा म्हणाला.

हळूच म्हणाला, शेजारच्या माणसाला सांगावं तसं. एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

कुत्र्यानं शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. धुळाकडं पाहिलं. पंज्यावरच्या कोकराकडं पाहिलं... आणि उठलं नाही.

तिसरी हाक झाली होती.

मोठ्यानं म्हटलं असतं तर ते आलं असतं. धुळाला ते स्पष्ट कळत होतं. जिभेवर आलेला आवाज त्यानं गिळला, लंगडत उठला, मेंढरांमधून वाट काढत गेला आणि कुत्र्यापाशी उन्हात बसला.

बसल्या बसल्या त्यानं कनवटीचा चाकू काढला, खांद्याच्या पिशवीतल्या पट्ट्यावरची पितळी पट्टी उचकटली आणि खिशात टाकली. कोकरू जागं होऊन आईकडं गेलं, तेव्हाच तो उठला.

आबांपुढं येऊन त्यानं पट्टी खाली ठेवली.

"तिन्ही हाका झाल्या, आबा. त्ये न्हाई आलं." त्याचा आवाज सरळ होता, रडका नव्हता. "ऱ्हातो आनकी एक साल. भावाला निरोप धाडतो, बायकूला समजावतो. पर नाव त्येच ठिवनार. त्यात बदल न्हाई."

आबांनी पट्टी उचलली. उलटीपालटी करून पाहिली. मग वहाणेच्या तळाला चिकटलेली लेंडी तिच्या कडेनं खरवडून काढली. कामाची निघाली पट्टी.

"उद्या कोंबडं आरवायच्या आत निघ," ते म्हणाले. "उनाच्या आत घाट चढशील. पट्टा इसरू नको."

"निघू?" धुळा बघतच राहिला. "आवो, पर त्ये आलं कुटं?"

आबांनी धोतरावरची लोकर झटकली आणि माळाकडं पाहिलं.

"बाभळ कवा कुनाकडं चालत ग्येली व्हय रं?"